गांडुळांचे घर

थोर शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन इंग्लंडात डाऊन नावाच्या खेड्यात राहत असत. उतारवयात त्यांनी आपल्या अभ्यासिकेत मातीने भरलेल्या कुंड्या ठेवून त्यांत गांडुळे पाळली. गांडुळांजवळ शिटी फुंकली, पियानो मोठ्याने वाजविला. ती जागची हलली नाहीत. पुढे कुंड्या पियानोवरच ठेवून एक सूर वाजविला मात्र, गांडुळे तत्काळ बिळात शिरली! त्यांना कान नसतात. परंतु हादरा अंगाला कळतो. १८८१ साली डार्विन यांनी या क्षुद्र मानलेल्या जीवांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला.

घरी गांडूळखत करणाऱ्यानेही या अंगाचीच काळजी वाहावी लागते. गांडुळाला फुप्फुसे नसतात. ते ओलसर कातडीतून श्वास घेते. कातडी सुकली की त्याचा प्राण जातो, आणि पेटीत पाणी साचून हवा कोंडली तरीही तीच गत होते. म्हणून पेटीच्या तळाशी भोके असावीत, ती सावलीत ठेवावी व वर ओले गोणपाट झाकावे. आतला पाला मुठीत दाबला असता थेंब-दोन थेंबच गळावेत.

शेतात खोल बिळे करणारी गांडुळे अशा पेटीत टिकत नाहीत. पालापाचोळ्यात वावरणारी, तांबूस रंगाची ‘आयसेनिया फेटिडा’ ही जात आणावी. नारळाच्या शेंड्या, सुका पाला व मुरलेले शेण यांच्या अंथरुणावर ती सोडावीत. भाजीची देठे, केळ्याच्या साली, चहाचा चोथा हे त्यांचे अन्न. लिंबाच्या साली, तेलकट व खारट पदार्थ त्यांना सोसत नाहीत.

नवशिक्याच्या हातून बहुधा एकच चूक घडते. उत्साहाच्या भरात तो घरातील सारा कचरा पहिल्याच आठवड्यात पेटीत ओततो. गांडुळांना दात कोठे आहेत? गिळलेल्या रेतीच्या कणांनी पोटातील पेषणीत ती अन्न दळतात, आणि तेही अगोदर कुजून मऊ झालेले! न संपलेला ढीग आंबतो, तापतो. जीव वाचविण्यासाठी गांडुळे रातोरात कडेवर चढतात, आणि सकाळी सज्जाच्या फरशीवर वाळून पडलेली आढळतात. ती कडेवर दिसू लागताच कचरा टाकणे थांबवावे व सुका पाला मिसळावा.

दोन-तीन महिन्यांत चहाच्या भुकटीसारखे काळसर खत तयार होते. त्याचा ढीग उजेडात ठेवावा. उजेड टाळण्यासाठी गांडुळे तळाशी जातात. मग वरचे खत हलकेच काढून मोगऱ्याच्या वा तुळशीच्या कुंडीत मूठभर मिसळावे, आणि तळाची गांडुळे नव्या अंथरुणावर पुन्हा सोडावीत.