घोड्यांचा सर्रा रोग आणि घोडमाशी

चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे १९८२ पर्यंत एकच होते. दाट अरण्य आणि जुने मालगुजारी तलाव हें दोहोंचें समाईक वैभव होय. परंतु ज्या कांठावर म्हशी सुखानें डुंबतात, त्याच ओल्या चिखलांत घोडमाशीच्या अळ्या वाढतात. पावसाळ्यांत ही माशी भर दिवसां घोड्यास डसते, आणि तिच्या दंशानें ‘सर्रा’ नांवाचा रोग जडण्याचें भय असतें.

या रोगाचे जंतु ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्यास १८८० सालीं डेरा इस्माईलखान येथें घोडे व उंट यांच्या रक्तांत प्रथम दिसले. हिंवतापाचे जंतु डांसाच्या शरीरांत वाढतात, तसे हे माशीच्या शरीरांत वाढत नाहींत. दंशाची वेदना होतांच जनावर शेपटी झाडतें. माशी अर्ध्या जेवणावरून उठते व रक्तानें माखलेली सोंड शेजारच्या जनावरांत खुपसते. एवढ्यानेंच काम होतें! गाईम्हशींत हा रोग पुष्कळदां गुप्त राहतो. घोड्यास मात्र, उपचार न झाल्यास, तो बहुधा प्राणघातक ठरतो. म्हणून घोडा गुरांच्या गोठ्यांत बांधणें हा निव्वळ अविचार होय. त्याचें ठाण कोरड्या जागीं, तलावापासून व गुरांपासून दूर असावें. दारांस बारीक जाळी असावी, व दिवसां धूर करावा.

या रोगांत ताप येतो व उतरतो, चारा खाऊनहि घोडा वाळतो, पोटाखालीं व पायांवर सूज चढते. ताप उतरला कीं मालकास वाटतें, घोडा बरा झाला. वस्तुतः जंतु आपलें बाह्य आवरण बदलून पुनः उसळतात, आणि शरीराचे रक्षक त्यांस ओळखीत नाहींत. यास्तव ताप असतांनाच पशुवैद्याकडून रक्त तपासून घ्यावें. एकदां जंतु न दिसल्यास पुनः तपासावें. वेळींच क्विनापायरामिन टोचल्यास घोडा वांचूं शकतो. सुई मात्र प्रत्येक जनावरास निराळी घ्यावी. नाहींतर माशीचें काम आपणच करूं.

आतां घोडे राहिले थोडे, मग ही उठाठेव कशास, असें एखादे पालक विचारतील. २००४ सालीं चंद्रपूर जिल्ह्यांतील एका शेतकऱ्याच्या रक्तांत हेच जंतु आढळले. भारतांत मनुष्यास हा रोग झाल्याची ती पहिली नोंद. या जंतूंस मारणारें द्रव्य सामान्यतः मनुष्याच्या रक्तांत असतें. त्या गृहस्थाच्या रक्तांत तें नव्हतें, असें पुढील संशोधनांत दिसून आलें. सुरामिन या औषधानें तो बरा झाला.