मनोऱ्याचे वेळापत्रक

एका घरात तीन फोन चालू आहेत असे समजा. एकावर मुलगी आजीशी बोलते आहे, दुसऱ्यावर क्रिकेटचा सामना चालला आहे आणि तिसऱ्यावर एक जाडजूड पुस्तक उतरवून घेतले जात आहे. तिन्ही कामे एकाच मनोऱ्याकडून, लहरींच्या एकाच पट्ट्यातून होतात. तारेचे तसे नसते. प्रत्येक घराला स्वतंत्र तार ओढता येते. हवा मात्र सर्वांची एकच. मग आधी कोणाला द्यायचे, आणि किती?

आता या कामांच्या गरजा पाहा. पुस्तक दोन सेकंद उशिरा आले तर काही बिघडत नाही; पण त्यातले अक्षर गाळून चालणार नाही. बोलण्याचे नेमके उलट आहे. शंभरातला एखादा कण गळाला तर कानाला समजतही नाही. उशीर मात्र खपत नाही. आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला 150 मिलिसेकंदांच्या आत पोचला, तर संभाषण सहज चालते. त्याहून फार उशीर झाला, की दोघेही एकदम बोलू लागतात आणि दोघेही एकदम थांबतात!

म्हणून मनोऱ्याला शाळेसारखे वेळापत्रक लागते. चौथ्या पिढीच्या एलटीई जाळ्यात एक तासिका असते फक्त 1 मिलिसेकंदाची. म्हणजे सेकंदाला 1000 तासिका. शिवाय 10 मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्याचे 180 किलोहर्ट्झचा एक, असे 50 कप्पे पाडलेले असतात. (गुणाकार केलात तर 9 मेगाहर्ट्झच भरतील. उरलेली जागा दोन्ही कडांना मोकळी सोडतात, शेजारच्या पट्ट्याला त्रास नको म्हणून.) कोणत्या तासिकेत कोणता कप्पा कोणाचा, हे मनोऱ्यावरील यंत्र दर मिलिसेकंदाला नव्याने ठरवते.

त्यासाठी प्रत्येक कामाला वर्ग दिलेला असतो. एलटीईच्या पहिल्या प्रमाणात असे 9 वर्ग होते. फोनपासून जाळ्याच्या दारापर्यंत बोलण्याला 100 मिलिसेकंदांची मुदत आहे आणि शंभरात एक पॅकेट हरवले तरी चालते. खेळांना मुदत 50 मिलिसेकंदांची. साध्या इंटरनेटला 300 मिलिसेकंद मिळतात; पण तेथे दहा लाखांत एकाहून अधिक पॅकेट हरवता कामा नये. गंमत अशी, की अग्रक्रमात पहिला नंबर बोलण्याचाही नाही. तो आहे फोन जोडण्याच्या निरोपांचा. घंटीच वाजली नाही, तर बोलणार कोण?

बोलण्याला पुढे बसवल्याने इतरांचे फार नुकसान होत नाही. आवाजाचे 20 मिलिसेकंदांचे तुकडे करतात. सेकंदाला 12,200 बिट या वेगाने एका तुकड्यात फक्त 244 बिट येतात. मात्र ही सवलत जाळ्याच्या स्वतःच्या फोनसेवेला असते. एखाद्या ॲपवरून बोललात, तर ते बोलणे बहुधा साध्या इंटरनेटच्याच रांगेत उभे राहते आणि जत्रेच्या गर्दीत तुटू लागते.

खरा पेच पुढेच आहे. एकाच वर्गातल्या दोघांपैकी कोणाला निवडायचे? मनोऱ्याजवळच्या फोनला त्याच वेळात कितीतरी अधिक माहिती देता येते. नेहमी त्यालाच दिले, तर एकूण काम भरपूर होईल. पण वेशीबाहेरच्या वस्तीतला फोन उपाशी राहील. यावर एक तोड आहे, आणि ती मला फार शहाणपणाची वाटते. प्रत्येक फोन आपल्याकडे लहरी कशा पोचतात हे 0 ते 15 या अंकांत मनोऱ्याला कळवत असतो. त्यावरून त्या क्षणी शक्य असलेला वेग निघतो. त्याला त्या फोनला आजवर मिळालेल्या सरासरी वेगाने भागायचे. ज्याचा भागाकार मोठा, त्याची पाळी.

समजा, जवळच्या फोनची सरासरी 20 आणि आत्ता शक्य वेग 24, भागाकार 1.2. दूरच्याची सरासरी 2, आत्ता 3, भागाकार 1.5. तासिका दूरच्याला! अर्थात यामुळे दोघांचा वेग सारखा होत नाही. दूरचा फोन मंदच राहतो, पण त्याच्या दृष्टीने चांगला क्षण वाया जात नाही.

वेळापत्रक कितीही चांगले असले, तरी तासिका वाढत नाहीत. जागाच उरली नाही, तर नवीन जोडणी नाकारावी लागते. कोणाला आत घ्यायचे व त्यासाठी कोणाला बाहेर काढता येईल, यासाठी 1 ते 15 अशी वेगळी क्रमवारी असते. रुग्णवाहिकेसाठी केलेला फोन चित्रपटामागे अडकू नये, याची तजवीज तिच्यामुळे करता येते.

आता एक गणित तुम्ही करा. तीन फोनांच्या सरासऱ्या 10, 4 आणि 1 आहेत. आत्ता शक्य असलेले वेग 11, 6 आणि 1.2. ही तासिका कोणाची? ज्याला ती मिळेल त्याची सरासरी वाढेल, इतर दोघांची थोडी घटेल. असे होत गेले, तर पुढची पाळी कोणाकडे सरकेल, तेही वहीत मांडून पाहा.