शेवटचे युनिट सर्वांत महाग!
(लाईट बिलाचे साधे गणित)

वर्ध्याचा उन्हाळा काय असतो हे इथे राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. मार्च लागला की कूलर बाहेर निघतात, आणि एप्रिलमध्ये लाईट बिल आले की घराघरात एकच वाक्य ऐकू येते, "एवढं बिल कसं काय आलं बुवा?" मग कुणी मीटर जोरात फिरते म्हणतो, कुणी रीडिंग घेणाऱ्याला दोष देतो. पण बिलाची मागची बाजू वाचणारा शंभरात एखादाच!

मी इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ट्रान्सफॉर्मर, इंडक्शन मोटर सगळे शिकलो, पण घरच्या बिलातल्या ओळी काय म्हणतात हे अभ्यासक्रमात कुठेच नाही. म्हणून हा लेख. हॉस्टेलवाल्यांना घरी गेल्यावर आणि स्टाफच्या मंडळींना आजच उपयोगी पडेल.

कंपनी बदलता येते का?

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात. मोबाईलचे कार्ड बदलतो तशी वीज कंपनी का नाही बदलायची? इंग्लंडमध्ये १९९९ पासून प्रत्येक घराला आपला पुरवठादार निवडता येतो. आपल्याकडे मुंबई उपनगरात तशी सोय झाली. २००८ साली सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला, २००९ मध्ये वीज नियामक आयोगाने परवानगी दिली, आणि रिलायन्सच्या तारांवरूनच टाटाची वीज घेण्याचा मार्ग ग्राहकांना मोकळा झाला.

वर्ध्याच्या साध्या घरगुती ग्राहकाला मात्र हा मार्ग नाही. ६ जून २००५ ला जुन्या वीज मंडळाचे विभाजन झाले आणि वितरणाचे काम महावितरणकडे आले. आपल्याला वीज देणारी कंपनी ती एकच. शेजारच्या नागपुरात २०११ ते २०१९ या काळात काही भागाचे काम खासगी फ्रँचायझीकडे होते. बिलावरचे नाव बदलले, पण दर तोच राहिला, कारण दर ठरवतो तो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग.

मग निवडायला काही उरतच नाही का? उरते, आणि बरेच उरते! कंपनी आपल्या हातात नाही, पण आपले युनिट कोणत्या दरात मोजले जाणार हे बऱ्याच अंशी आपल्याच हातात आहे.

स्लॅब म्हणजे जिना

घरगुती वीज एका भावाने मिळत नाही. महिन्याच्या वापराचे टप्पे पाडलेले असतात, त्यांना आपण स्लॅब म्हणतो. २०२४-२५ या वर्षाचे दर, वहन आकार धरून, असे होते :

० ते १०० युनिट : ५.८८ रुपये
१०१ ते ३०० युनिट : ११.४६ रुपये
३०१ ते ५०० युनिट : १५.७२ रुपये
५०० च्या वर : १७.८१ रुपये

याशिवाय दरमहा स्थिर आकार, कमीजास्त होणारा इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून चालू दर आपल्या ताज्या बिलावरच बघावेत. मी पुढे सगळीकडे २०२४-२५ चेच दर धरले आहेत आणि इंधन आकार सोडून दिला आहे. आकडे बदलतील, पण रीत तीच राहील.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. "तीनशेच्या वर एक युनिट गेलं की सगळं बिल वरच्या दराने लागतं" असे लोक छातीठोकपणे सांगतात. तसे नाही. ज्यांना इन्कमटॅक्स भरावा लागतो त्या सरांना हे लगेच कळेल. वरचा दर फक्त वरच्या युनिटांनाच लागतो. ३०१ युनिट झाले तर त्या एका युनिटाचेच १५.७२ रुपये, खालची तीनशे आपापल्या दरानेच राहतात.

पण याचाच दुसरा अर्थ फार महत्त्वाचा आहे. आपण एक युनिट वाचवतो तेव्हा ते नेहमी जिन्याच्या सर्वांत वरच्या पायरीवरून कमी होते. म्हणजे बचत होते ती शेवटच्या, सर्वांत महागड्या युनिटाची. बिलाला युनिटांनी भागून निघणारा सरासरी दर इथे कामाचा नाही.

एका मीटरवर चार चुली

पहिल्या वर्षाला मला हॉस्टेल मिळाले नव्हते. सेवाग्राम रोडकडे एका घरात आम्ही भाड्याने राहायचो. घरमालकांचे कुटुंब आणि पोरांच्या तीन खोल्या, सगळ्यांना मिळून मीटर एकच. खोल्यांना सबमीटर होते आणि काका युनिटमागे तेरा रुपये घ्यायचे. मार्च २०२५ मध्ये कूलर सुरू झाले आणि भांडणही सुरू झाले. "सरकारी दर पावणेसहा-सहा रुपये, अन् काका तेरा घेतात, म्हणजे लूटच झाली!" एका मित्राच्या घरची परिस्थिती ओढगस्तीची. तो कूलर बंद ठेवून गच्चीवर झोपायचा, आणि खोली सोडायच्या गोष्टी करायचा.

मी कागद घेऊन बसलो. गणित सोपे जावे म्हणून चौघांचे शंभर-शंभर, असे ४०० युनिट धरू. पहिले शंभर ५८८ रुपयांचे, पुढचे दोनशे २,२९२ चे, शेवटचे शंभर १,५७२ चे. झाले ४,४५२. त्यात सव्वाशेच्या आसपास स्थिर आकार आणि १६ टक्के शुल्क मिळवले की ५,३०० च्या वर जाते. म्हणजे युनिटमागे तेरा रुपयांहून थोडे जास्तच! काका एक पैसाही खात नव्हते.

आता हीच चार बिऱ्हाडे वेगवेगळ्या मीटरवर असती तर? प्रत्येकाचे शंभर युनिट पहिल्याच स्लॅबमध्ये बसतात. स्थिर आकार आणि शुल्क धरून एकाचे बिल सुमारे ८३० रुपये, चौघांचे मिळून ३,३०० च्या थोडे वर. वीज तेवढीच, पण महिन्याला जवळपास दोन हजारांचा फरक, आणि तोही चार वेळा स्थिर आकार भरून! यात काकांचाही तोटाच होत होता, कारण त्यांचे स्वतःचे शंभर युनिटही तेरा रुपयांनीच पडत होते.

हे गणित काकांना दाखवल्यावर भांडण मिटले. पुढे त्यांनी दोन खोल्यांसाठी रीतसर वेगळे मीटर घेतले. त्याला अनामत आणि जोडणीचा खर्च येतो, पण तो काही महिन्यांत निघतो. मित्राने खोली सोडली नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. खोली वेगळी, चूल वेगळी, राहणारे वेगळे असतील तरच हे योग्य आहे. एकाच कुटुंबाने स्लॅब चुकवायला दोन मीटर मागणे ही पळवाट झाली, ती कंपनी मान्य करत नाही.

पंखा एकच, बचत दोन

साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट खातो. नवीन बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. रोज पंधरा तास चालला तर महिन्याला साधारण २० युनिट वाचतात. ज्याचा वापर शंभराच्या आत आहे त्याला या वीस युनिटांचे शुल्कासह १३६ रुपये मिळतात. ज्याचा वापर अडीचशे आहे त्याला तेवढ्याच वीस युनिटांचे २६६ रुपये! पंखा तीन हजाराला पडला असे धरले, तर दुसऱ्याचे पैसे वापराच्या अकरा-बारा महिन्यांत वसूल होतात, पहिल्याला जवळपास दुप्पट वेळ लागतो.

एसीवाल्यांचे गणित तर याहून मोठे. दीड टनाचा एसी तासाला साधारण सव्वा युनिट घेतो. रात्री एक तास आधी बंद केला तर महिन्याला ३७ युनिट. बिल ३४० युनिटांचे असेल तर ती सगळी १५.७२ च्या पायरीवरून उतरतात. शुल्कासह पावणेसातशे रुपये! मे महिन्याच्या उकाड्यात एसी बंद करा असे म्हणायचे धाडस मी करणार नाही, पण २० ऐवजी २४-२५ वर ठेवून पंखा लावायला काय हरकत आहे?

दिवसाची वीज

२०२५ च्या जुलैपासून महावितरणने स्मार्ट म्हणजेच टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत जाहीर केली. गंमत बघा, इंग्लंडमध्ये १९७८ पासून रात्रीची वीज स्वस्त देणारी योजना आहे, आणि आपल्याकडे दिवसाची स्वस्त! कारण उघड आहे. दुपारी सौर ऊर्जा भरपूर मिळते आणि मागणीचा ताण येतो तो संध्याकाळी.

पण हुरळून जाऊ नका. पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन, इस्त्री, घरची पिठाची चक्की असे मिळून ५० युनिट दिवसा आणले तर महिन्याला ४० रुपये वाचतील. चांगलेच आहे, सोडू नये. पण वेळ बदलल्याने पैसे वाचतात आणि युनिट कमी केल्याने रुपये. आधी रुपये बघावे.

घरगुती की व्यापारी?

हा मुद्दा मेसवाल्या काकूंसाठी, शिलाई करणाऱ्या ताईंसाठी आणि घरात टायपिंग किंवा क्लास चालवणाऱ्यांसाठी. घराच्याच एखाद्या भागात छोटा व्यवसाय असेल, महिन्याचा एकूण वापर ३०० युनिटांच्या आत असेल आणि मागच्या वर्षाचा वापर ३,६०० च्या आत असेल, तर घरगुती दरच लागू राहावा अशी तरतूद आयोगाच्या दर आदेशात आहे. बिलावर वर्गवारी लिहिलेली असते, तेवढी ओळ बघायला त्यांना नक्की सांगा.

छपरावर सूर्य

पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट व त्यावर ७८ हजार रुपये केंद्राचे अनुदान ठरले. एक किलोवॅटपासून दिवसाला सरासरी चार युनिट धरता येतात. ३४० युनिटांच्या घरावर २ किलोवॅट बसवले तर २४० युनिट निघून १०० उरतात. वरच्या दोन्ही पायऱ्या साफ! उलट महिन्याला ८० युनिट वापरणाऱ्या घरात हीच पॅनेल फक्त ५.८८ ची वीज वाचवतात. शेजाऱ्याने बसवले म्हणून आपणही बसवायचे, असे करू नये. आधी बारा महिन्यांची बिले काढून वहीत मांडावीत.

बिल हातात आल्यावर

१) चालू रीडिंग स्वतः मीटरवर जाऊन ताडून बघा.
२) घराला कुलूप असल्याने दोन महिन्यांचे युनिट एकाच बिलात आले, तर स्लॅबही दोन महिन्यांचे मिळाले का ते तपासा. म्हणजे पहिल्या दरात १०० नव्हे, २०० युनिट.
३) थ्री फेजचा स्थिर आकार सिंगल फेजच्या तिपटीहून जास्त असतो. घरात तेवढा भारच नसेल तर सिंगल फेज पुरते.
४) लवकर भरले तर १ टक्का सूट, उशीर झाला तर १.२५ टक्के दंड. छापील बिल सोडून गो-ग्रीनमध्ये ई-बिल घेतले की वर्षाचे १२० रुपये वाचतात.
५) तक्रार लेखीच द्या आणि पोच घ्या. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, आणि त्यावर नागपूरला विद्युत लोकपाल आहेत.

मित्रांनो, हॉस्टेलमध्ये आपल्या हाती बिल पडत नाही, म्हणून रिकाम्या खोलीत पंखा फिरत राहतो. पण घरी ते बिल कुणीतरी भरते आहे. कुणाचे वडील कापूस विकून, कुणाची आई शिवणकाम करून. आपण उद्याचे इंजिनिअर. पुढच्या सुटीत घरी गेलात की मागची बारा बिले मागून घ्या, प्रत्येक महिन्याला आपण कोणत्या पायरीवर उभे होतो ते मांडा आणि आई-बाबांना समजावून सांगा. थेंबे थेंबे तळे साचे हे खरेच, पण कोणता थेंब सर्वांत महाग आहे हे आधी ओळखले तर तळे लवकर भरते!