कान बहिरा, तरी आवाज सोसवेना

इचलकरंजीच्या एका वस्तीत आम्ही रक्तदाब तपासायला गेलो होतो. एका ताईंनी बाजूला घेऊन विचारले, "सिस्टर, डोकं शांत व्हायची गोळी मिळंल का? मालकांना द्यायचीय." मालक म्हणजे त्यांचे यजमान, वीस वर्षे यंत्रमागावर. घरात ताट पडले तरी अंगावर धावून येतात, कुकरची शिट्टी झाली की कान दाबून बाहेर जातात. आणि हाक मारली तर ऐकू येत नाही! "सोंग करत्यात," ताई म्हणाल्या.

सोंग नव्हे. आतल्या कानात केसांसारखे तंतू असलेल्या नाजूक पेशी असतात. धोट्याच्या खटखटाटात वर्षानुवर्षे राहून त्या मरतात, आणि मेलेल्या पुन्हा उगवत नाहीत. मग हळू बोललेले ऐकू येत नाही. पण आवाज थोडा वाढला की एकदम कानठळ्या बसतात. "ऐकू येत नाही" आणि "सोसवत नाही" यांतली जागाच अरुंद होते. म्हणून "जरा मोठ्यानं बोल" म्हणणारा माणूस पुढच्याच क्षणी "ओरडू नको" म्हणतो.

त्यात ताणाची भर. मोठा आवाज शरीराला धोका वाटतो. छाती धडधडते, अंग ताठते. वर पीसवर मजुरी, कापडात खोट निघाली की पैसे कापणार, रात्रपाळीने झोप मोडलेली. असे सतत सावध राहिलेले मन घरी आले तरी सैल होत नाही, आणि साधा आवाजही टोचतो. आवाजाने ताण, ताणाने आवाज आणखी बोचरा. यावर मेडिकलमधून आणलेली झोपेची गोळी चालत नाही. ताईंना आम्ही हेही सांगितले, की आजार असला तरी अंगावर हात टाकणे सोसायचे नाही.

हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तिथला आवाज साधारण 85 डेसिबलच्या वर आहे असे समजा. 85 ला आठ तास ही मर्यादा. 88 ला चारच तास, 91 ला दोन. कापसाच्या बोळ्याने भागत नाही. फोमचा इअरप्लग पिळून बारीक करावा, कान वर-मागे ओढून आत सरकवावा आणि फुगेपर्यंत बोटाने धरावा. घरी मात्र प्लग घालून बसू नये, त्याने कान आणखी हळवा होतो. बारीक आवाजात रेडिओ चालू ठेवलेला बरा.

कानाची तपासणी, म्हणजे ऑडिओमेट्री, सुट्टीनंतर करा. पाळीवरून थेट गेल्यास तात्पुरता बहिरेपणाही त्यात मिसळतो. आवाजामुळे येणारा बहिरेपणा 1948 च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत होता, राज्य विमा योजनेतही तो व्यावसायिक आजार धरतात. पण केसपेपरवर नुसते "ऐकू कमी येते" लिहिले तर पुढे काहीच हाती लागत नाही. "यंत्रमाग कामगार, वीस वर्षे" हे शब्द डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि कागदाची झेरॉक्स घरी ठेवा.