वाचकांचे प्रश्न : लिंटेलपर्यंत घर आणि ठेकेदार पसार

प्रश्न : मी डोंबिवलीत राहतो. लांजा तालुक्यातल्या गावी चिऱ्याचे घर बांधायला काढले आहे. चिरा, सिमेंट, वाळू माझी आणि मजुरी उक्ती 4 लाख 20 हजार, असे गवंडी ठेकेदाराशी तोंडी ठरले. ‘माणसांचा पगार द्यायचाय’ म्हणत त्याने 3 लाख 30 हजार उचलले. काम लिंटेलपर्यंत आले आणि तो दुसऱ्या साइटवर गेला. आता फोन उचलत नाही. नवा ठेकेदार उरलेल्या कामाचे 2 लाख 40 हजार मागतो. लेखी करार नाही. पोलिसांत 420 ची तक्रार द्यावी का? आणि चिऱ्याऐवजी वीट घेतली असती तर स्वस्त पडले असते का?

उत्तर : नव्या ठेकेदाराला आज कामाला लावू नका. त्याचा पहिला थर चढला की जुने काम कुठे थांबले होते, हे सांगायला भिंतच उरणार नाही. आधी एखाद्या नोंदणीकृत अभियंत्याकडून झालेल्या कामाचे मोजमाप आणि मूल्यांकन सही-शिक्क्यानिशी करून घ्या. प्रत्येक भिंतीचे फोटो टेप लावून काढा. मात्र पावसाळा काढून मग बघू, असेही करू नका. टाळता येण्यासारखे नुकसान तुम्ही टाळले नाही, तर त्याची भरपाई करार कायद्याच्या कलम 73 खाली मिळत नाही. भिंतींची डोकी झाका, मापे घ्या आणि मग काम पुढे न्या.

तोंडी करारही करारच असतो, अडचण पुराव्याची असते. तुम्ही पैसे यूपीआयने दिले असतील आणि व्हॉट्सअ‍ॅपवर दराचे बोलणे असेल, तर तेवढ्यावर बरेच भागते. ते संदेश पुसू नका आणि फोन बदलू नका. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे त्यांच्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते.

मागणी किती करायची, इथे बरेच जण घसरतात. समजा, अभियंत्याने झालेल्या कामाची किंमत 2 लाख 30 हजार धरली. म्हणजे ठेकेदाराकडे तुमचे लाखभर रुपये जास्त गेले. घर पुरे करायला एकूण 5 लाख 70 हजार लागणार, ठरले होते 4 लाख 20 हजार. म्हणजे नुकसान दीड लाख. जास्त गेलेला लाख या दीड लाखातच आहे. दोन्ही बेरजेने अडीच लाख मागितलेत, तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला तुमचा हिशेब खोटा पाडेल. मानसिक त्रास आणि खर्चाची मागणी वेगळी करा, पण आकडा बेताचा ठेवा.

आधी पंधरा दिवसांची नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. नंतर ग्राहक आयोग. घरबांधणी ही ‘सेवा’ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सांगितले आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या व्याख्येतही ती आहे. तुमच्या सोयीची गोष्ट अशी की, तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार चालते. रत्नागिरीच्या खेपा घालायला नकोत, ठाणे जिल्हा चालेल. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे आणि ‘येतो, येतो’ या आश्वासनांनी ती वाढत नाही.

पोलिसांचे विचाराल तर 420 आता भारतीय न्याय संहितेत कलम 318 झाले आहे. फसवणूक ठरायला पैसे घेतानाच लबाडीचा हेतू असावा लागतो. ज्याने लिंटेलपर्यंत भिंती उभ्या केल्या, त्याच्याबाबत तो दाखवणे अवघड. माझ्या मते त्या वाटेला जाऊ नका.

आता चिरा की वीट. नगाचा भाव नगाशी लावू नका, शंभर चौरस फूट भिंतीला काय पडते ते बघा. 14 बाय 9 बाय 7 इंची चिऱ्याची नऊ इंची भिंत धरली तर साधारण 130 चिरे लागतात. 9 बाय 4 बाय 3 च्या विटा त्याच भिंतीला साडेआठशेच्या घरात जातात, शिवाय सांधे जास्त म्हणून सिमेंटही जास्त. घाटावरून वीट आणायचे भाडे त्यावर. लांज्यात चिरा सोडून वीट घेण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही. मात्र गाडी उतरवून घेताना माणूस उभा ठेवा. कोपरे झडलेला, पांढरट मातीचे खिसे असलेला चिरा बाजूला काढा आणि फुटका नग कोणाच्या खात्यात, हे खाणवाल्याशी आधी ठरवा. वाहतूक पास आणि स्वामित्वधनाची पावती मागून घ्या. चिरा गौण खनिज आहे. बेकायदा उत्खननाला जमीन महसूल संहितेच्या कलम 48 खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि वाहनही जप्त होते.

नव्या ठेकेदाराशी मात्र 500 रुपयांच्या मुद्रांकावर करार करा. उचल अगदी थोडी द्या. बाकीचे पैसे लिंटेलवरचे थर, स्लॅब, गिलावा अशा टप्प्यांनी आणि प्रत्येक टप्पा मोजून झाल्यावरच. दारे-खिडक्यांची मोकळी जागा मापात धरायची की वजा करायची, पाणी कोण मारणार, परांची कोणाची, हे लिहा. भांडणे याच तीन गोष्टींवरून होतात.

प्रश्न : सांगलीत स्वतःच्या प्लॉटवर बंगला बांधतो आहे. ठेकेदार बिलावर 18 टक्के जीएसटी मागतो, पक्के बिल मात्र देत नाही. द्यावा का?

उत्तर : नाही. नोंदणी नसलेल्याला जीएसटी वसूल करण्याचा अधिकारच नाही. नोंदणी असेल तर जीएसटी क्रमांक छापलेले बिल द्यायलाच हवे. तो क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर फुकट तपासता येतो. मटेरियलसकट काम दिले असेल तर 18 टक्के बरोबर आहे. पण साहित्य तुमचे आणि त्याची फक्त मजुरी असेल, तर स्वतंत्र एका घराच्या नव्या बांधकामाच्या मजुरीला करातून सूट आहे. रोखीचा आग्रह धरला तर त्याला सांगा की, एका व्यवहारापोटी 2 लाख किंवा अधिक रोख घेतल्यास आयकर कायद्यानुसार तेवढाच दंड घेणाऱ्यावर बसतो. पक्के बिल हातात येईपर्यंत कराची रक्कम सोडू नका.