मॉडिफाय केलेली कन्व्हर्टिबल विकताना
शॉमबर्गला मी माझी माझदा मियाटा नुकतीच विकली. फेब्रुवारी १९८९ मध्ये ही गाडी प्रथम शिकागो ऑटो शोमध्येच झळकली, त्यामुळे इकडे तिचे चाहते पुष्कळ! मी तिचे सस्पेन्शन, एक्झॉस्ट, चाके बदलली होती. हौसेला मोल नसते हे खरे, पण गिऱ्हाईक त्याचे पैसे देत नाही. म्हणून जपून ठेवलेले मूळ भाग परत बसवले आणि हौसेचे भाग वेगळे विकले. कन्व्हर्टिबल थंडीत कोण घेणार? एप्रिलपर्यंत थांबलो.

कॅशियर्स चेक खोटाही असू शकतो. तो गिऱ्हाइकाच्या बँकेत जाऊन समक्षच घ्यावा. टायटलवर मायलेज लिहून सही करावी. इलिनॉयमध्ये नंबरप्लेट विकणाऱ्याकडेच राहते. ती आठवणीने काढा, नाहीतर दुसऱ्याच्या टोलची बिले आपल्या घरी! विक्रीची सूचना सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे पाठवा आणि मगच विमा बंद करा.