रात्रभराचे नाटक

माझी फुफी गडचिरोली जिल्ह्यात, वडशाजवळच्या एका खेड्यात राहते. २०२४ च्या जानेवारीत तिचा फोन आला, "भाईजान, आमच्या गावात पट आहे. दिवसा बैलांच्या शर्यती आणि रात्री नाटक. या वेळी तरी या." अब्बांचे कामठीला शिवणकामाचे दुकान आहे. ते दुकान सहसा बंद ठेवत नाहीत. पण बहिणीचा शब्द त्यांना मोडवेना. त्यांनी मलाही बरोबर घेतले.

मी मात्र त्या दिवसांत अब्बांवर रुसलो होतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात मराठी नाटुकले होणार होते आणि सरांनी मला माळ्याचे काम दिले होते. माझ्या तोंडी एकच वाक्य होते, "बाळ, कळ्या तोडू नकोस, झाडांना पाणी घाल." घरी मी ते म्हणून दाखवले, तेव्हा 'बाळ'चा 'बाल' झाला, 'कळ्यां'च्या 'कल्या' झाल्या आणि 'पाणी'चे 'पानी'. अब्बा म्हणाले, "ही आपल्या घरची भाषा नाही. भर सभेत लोक हसतील. सरांना नाही म्हणून सांग." मी अजून सांगितले नव्हते.

नागपूरहून एसटीने उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी ही गावे मागे टाकत आणि वैनगंगेचा पूल ओलांडून आम्ही वडशाला उतरलो. फुफा घ्यायला आले होते. वाटेत त्यांनी सगळी माहिती सांगितली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील जंगलाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. धान हे येथले मुख्य पीक. कापणी-मळणी आटोपली, घरात धान आले, की नाटकांचे दिवस येतात. दिवाळीपासून होळीपर्यंत ते चालतात. वडशाला नाटक मंडळ्यांची कार्यालये आहेत. गावचे मंडळ त्यांच्यातले नट ठरवते, मंडप घालते आणि तिकिटे विकते. या रंगभूमीवरचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. हे सांगताना फुफांचा चेहरा असा फुलला, जणू पद्मश्री त्यांच्याच घरी आली होती!

गावात घरोघरी पाहुणे होते. रात्री जेवून, सतरंजी आणि कांबळी घेऊन आम्ही निघालो. धानाच्या शेताला येथे बांधी म्हणतात. अशाच एका रिकाम्या बांधीत मंडप होता. म्हाताऱ्या बायका, तान्ही मुले, सगळे आले होते. पेटी-तबला सुरू झाला आणि साडेदहाला पडदा वर गेला.

नाटक एका विधवा आईचे आणि तिच्या दोन मुलांचे होते. अब्बांना गिऱ्हाइकांशी बोलण्यापुरते मराठी येते. म्हणून मी त्यांच्या कानात एकेक वाक्य उर्दूत सांगत होतो. इतक्यात त्या घरचा नोकर रंगमंचावर आला. तो झाडीबोलीत बोलत होता. तो 'डोळा' न म्हणता 'डोरा' म्हणाला आणि 'पाणी' न म्हणता चक्क 'पानी' म्हणाला! मी अब्बांकडे पाहिले. लोक हसले, पण त्याच्या विनोदाला हसले. 'पानी'ला कोणीच हसले नाही.

मध्यंतरात फुफा घाईघाईने आले. त्या नोकराची बंडी खांद्यापाशी उसवली होती. अब्बांच्या खिशात सुईदोरा नेहमीच असतो. आम्ही पडद्यामागे गेलो. अब्बा दिव्याखाली टाके घालू लागले आणि मी इकडेतिकडे पाहत राहिलो. एका कोपऱ्यात वही घेऊन एक माणूस बसला होता. नट वाक्य विसरला, तर हळूच सांगायचे, हे त्याचे काम. इतके मोठे नटसुद्धा विसरतात, हे मला ठाऊक नव्हते. "कुठचे तुम्ही?" नोकराने अब्बांना विचारले. अब्बा अडखळत मराठीत म्हणाले, "कामठी. दुकान आहे मेरा." नोकर म्हणाला, "हात चांगला आहे तुमचा."

खरे सांगायचे, तर नंतरची दोन गाणी मला फार लांबली असे वाटले आणि मी पेंगलो. जाग आली, तेव्हा मुलांनी आईला घराबाहेर काढले होते. ती अंगणात बसली होती. तोच नोकर, तीच शिवलेली बंडी. त्याने लोटा पुढे केला आणि म्हणाला, "माय, पानी तरी घे." सारा मंडप चिडीचूप झाला. मी अब्बांच्या कानाशी तोंड नेले. त्यांनी माझा हात दाबला. "गप्प बस. कळते आहे मला," ते म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता.

नाटक संपले तेव्हा उजाडायला आले होते.

दुपारच्या एसटीत अब्बा डोळे मिटून बसले होते. मला वाटले, झोपले. वैनगंगेच्या पुलावर गाडी आली, तेव्हा त्यांनी एकदम विचारले, "तुझ्या त्या माळ्याच्या अंगात काय असते?"

"सरांनी सांगितले नाही," मी म्हणालो. "बंडी असेल."

अब्बांनी मला पुढे वाकायला लावले आणि वितीने माझी पाठ मोजली. "एक मीटर कापड पुरेल," ते म्हणाले. "आता ते वाक्य म्हण."

मी म्हटले. 'बाळ' आणि 'कळ्या' कशाबशा जमल्या. 'पाणी' अजून 'पानी'च होते.

"पुन्हा म्हण," अब्बा म्हणाले.